सभा संपल्यानंतरचा पाऊण तास: एका तरुण संघाच्या देखरेखीचं प्रकरण

या प्रकरणात कुणीही लैंगिक गैरवर्तन केलेलं नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवं. चर्चच्या तरुण संघाच्या ज्या लीडरबद्दल पुढे लिहिलं आहे त्याने कोणत्याही मुलाला इजा केली नाही. चौकशीअंती तसा संशयही कुणाच्या मनात राहिला नाही. तरीही पंधरा वर्षांच्या एका मुलीला जी मदत शुक्रवारी रात्रीच मिळायला हवी होती, ती पुढच्या बुधवारी मिळाली. मधल्या पाच दिवसांत तिचं व्हायचं ते नुकसान झालं. तो उशीर एका माणसाच्या स्वभावामुळे झाला नाही. देखरेखीची व्यवस्था कागदावर होती, पण त्या संध्याकाळी ती प्रत्यक्षात उभी राहिली नाही, म्हणून झाला.

चर्चच्या बालसुरक्षा समितीने आढाव्यासाठी बाहेरची व्यक्ती म्हणून मला बोलावलं होतं. मुलगी, तिची आई आणि लीडर या तिघांच्या संमतीने, ओळख पटेल असं सगळं वगळून मी हे मांडते आहे. देखरेखीच्या नियमांवर बोलताना आपण बहुतेक वेळा वाईट माणूस डोळ्यांसमोर ठेवून बोलतो. इथे माणूस चांगला होता, आणि म्हणूनच हे प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे.

काय घडलं

तरुण संघाची सभा दर शुक्रवारी सहा ते आठ अशी असे. त्या दिवशी तेरा ते सतरा वयोगटातली बावीस मुलं-मुली होती. चर्चकडे एक पानाचं लेखी धोरण होतं. वडीलजनांनी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनी, ते मंजूर केलेलं होतं आणि त्यात ‘सभेच्या वेळी किमान दोन प्रौढ उपस्थित असतील’ असं वाक्य होतं. वेळापत्रकात त्या दिवशी तीन नावं होती: लीडर, त्याची पत्नी आणि गिटार वाजवणारा एकोणीस वर्षांचा सहायक. किशोरवयीन मुलांसाठी दहा मुलांमागे एक प्रौढ आणि कमीत कमी दोन प्रौढ, असं प्रमाण ब्रिटनमधली एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था सुचवते. त्या हिशेबाने बावीस मुलांना तीन प्रौढ लागतात, आणि यादीत बरोबर तीन होते.

सव्वासातच्या सुमाराला लीडरच्या पत्नीला घरून फोन आला. त्यांच्या लहान मुलाला ताप चढला होता, त्या निघून गेल्या. आठ वाजता शेवटची प्रार्थना झाली. सहायकाने वायरी गुंडाळल्या, गिटार पाठीला लावली आणि दोन मित्रांबरोबर तोही गेला. सव्वाआठपर्यंत हॉलमध्ये खुर्च्या रचणारा शिपाई, लीडर आणि ती मुलगी एवढेच उरले. तिला न्यायला येणारा मोठा भाऊ उशिरा येणार होता.

ती म्हणाली, “दादा, थोडं बोलायचं होतं.”

हॉलमागे वाद्यं ठेवायची छोटी खोली आहे. लाकडी दार, काच नाही. खुर्च्यांचा आवाज येत होता म्हणून लीडरने दार लावून घेतलं. मुलीने आधी शब्द मागितला, “कुणालाही सांगणार नाही म्हणा, तरच सांगते.” त्याने शब्द दिला. मग तिने सांगितलं. ऑनलाइन ओळख झालेल्या एका मुलाने तिच्याकडून तिचा एक फोटो मिळवला होता. आता तो आणखी फोटो मागत होता आणि नाही दिलेस तर पहिला फोटो तुझ्या वर्गातल्या मुलांना पाठवीन अशी धमकी देत होता. ती रडली. लीडरने तिच्यासाठी प्रार्थना केली, त्या मुलाला ब्लॉक कर म्हणाला आणि काही वाटलं तर रात्री-अपरात्री मला मेसेज कर, असंही सांगितलं. नऊला पाच-दहा मिनिटं असताना भाऊ आला. लीडरने तिला फाटकापर्यंत सोडलं.

शनिवारी आणि रविवारी रात्री दोघांत बरेच मेसेज झाले. बुधवारी तो फोटो तिच्या एका वर्गमैत्रिणीच्या फोनवर पोहोचला, मैत्रिणीच्या घरून आईला कळलं आणि आईने मुलीचा फोन उघडला. त्या मुलाच्या धमक्या मुलीने आधीच पुसून टाकल्या होत्या. आईला समोर जे दिसलं ते हे:

“कुणाला सांगितलं नाही ना?”
“नाही. शब्द दिलाय, पाळणार.”
“आईला कळलं तर मी संपले.”
“नाही कळणार. झोप आता.”

मेसेजची वेळ रात्रीचे पावणेबारा. पस्तिशीतला विवाहित पुरुष आणि पंधरा वर्षांची मुलगी. या चार ओळी त्या आईने कशा वाचल्या असतील हे वेगळं सांगायला नको. बुधवारी रात्री दहा वाजता ती आई पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, दारात उभी राहिली. पुढचे काही तास, खरी हकीकत उलगडेपर्यंत, सगळ्यांचं लक्ष लीडरवर होतं. धमकावणारा मुलगा मात्र मोकळाच होता.

यादीतले तीन खरे किती

वेळापत्रक समोर ठेवून मी समितीला विचारलं, यात स्वतंत्र प्रौढ किती? बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

पती-पत्नी ही देखरेखीच्या दृष्टीने एकच व्यक्ती धरायची असते. बऱ्याच चर्चच्या धोरणांत ‘एकमेकांशी नातं नसलेले दोन प्रौढ’ अशी शब्दयोजना असते ती याचसाठी. घरची अडचण आली की एक जण दुसऱ्याच्या भरवशावर निघून जातो, आणि एकाचं वागणं खटकलं तर दुसऱ्याने ते समितीपुढे नेणं फार अवघड असतं. इथे दुसरी गोष्ट घडली नाही, पहिली घडली. ताप आला, पत्नी गेली, आणि जाताना त्यांच्या मनात आलं, “हे आहेत ना.” नवरा असताना बदली माणूस बोलवावा असं कुणाला सुचत नाही.

सहायकाचं वेगळं. कायद्याने तो प्रौढ, पण दोनच वर्षांपूर्वी तो याच मुलांमध्ये बसत होता. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चने १९९६च्या सर्वसाधारण परिषदेत मुलांच्या सुरक्षेचा ठराव केला. त्यातून पुढे आलेल्या मार्गदर्शनात, जबाबदार व्यक्ती गटातल्या सर्वात मोठ्या मुलापेक्षा किमान पाच वर्षांनी मोठी असावी, असा दंडक आहे. तिथल्याच बॉय स्काउट्सने २०१८पासून दोन्ही नोंदणीकृत प्रौढांचं वय एकवीस किंवा त्यावर हवं असं बंधन घातलं. हे आकडे मला जाचक वाटत नाहीत. सहायकाशी मी बोलले तेव्हा तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “मी गेलो म्हणजे दादा एकटे राहिले, हे डोक्यातच आलं नाही. मला वाटलं मुलं गेली, तसा मीही गेलो.” त्याने स्वतःला मुलांमध्ये मोजलं होतं. माझ्या मते त्याची मोजणी बरोबर होती, यादी चुकीची होती.

म्हणजे त्या संध्याकाळी नियमात बसणारा प्रौढ पहिल्यापासून एकच होता. सव्वासातनंतर आणि आठनंतर फक्त ते उघड झालं.

आणखी एक शब्द धोरणात घात करून गेला: ‘सभेच्या वेळी’. सगळ्यांनी त्याचा अर्थ सहा ते आठ असा घेतला. खरं तर पहिलं मूल आवारात आलं की देखरेख सुरू होते आणि शेवटचं मूल पालकाच्या ताब्यात गेलं की संपते. बावीस मुलं एका हॉलमध्ये गाणी म्हणत असतात तेव्हा धोका सगळ्यात कमी असतो. तो वाढतो येण्याजाण्याच्या वेळी, प्रसाधनगृहाच्या वाटेवर, वाहनात, मुक्कामाच्या शिबिरात, आणि कुणीतरी एकटं मागे राहतं तेव्हा. नियम मात्र गर्दीच्या वेळेसाठीच लिहिलेला होता.

दिलेला शब्द

आता मुख्य मुद्दा. मुलगी लीडरशी एकटी बोलली, हा दोष नाही. किशोरवयीन मुलं आईवडिलांना सांगत नाहीत ते दुसऱ्या एखाद्या मोठ्या माणसाला सांगतात. मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, असं माणूस असणं ही मोलाची गोष्ट आहे. तिने त्याला निवडलं, कारण तो ऐकून घेतो हे तिला माहीत होतं. तिच्या विश्वासाला तो पात्रही होता.

अडचण त्याच्या उत्तरात होती. ‘कुणाला सांगणार नाही’ हे वचन मुलांसोबत काम करणाऱ्या कुणालाही देता येत नाही. आधी द्यायचं आणि मग मोडायचं, हे तर त्याहून वाईट. मूल शब्द मागतं त्याच क्षणी सांगायचं असतं: “तू जे सांगशील त्याची मी कुठेही चर्चा करणार नाही. पण तुला किंवा कुणाला धोका आहे असं मला वाटलं, तर ज्यांना सांगणं भाग आहे त्यांना सांगेन, आणि सांगण्याआधी तुला कळवेन.” हे ऐकून मूल बोलायचं थांबेल अशी भीती लीडरने माझ्याजवळ व्यक्त केली. काही मुलं थांबतातही. पण ती पुन्हा येतात, कारण समोरचा माणूस खोटं बोलत नाही हे त्यांना कळलेलं असतं.

काही देशांत कायद्यानेच हा प्रश्न सोडवला आहे. भारतात २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९नुसार, मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं समजलं तर ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. संस्थेचा प्रमुख हाताखालच्या माणसाच्या बाबतीत गप्प बसला तर ती आणखी कडक आहे. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्याला त्याच कायद्याने संरक्षणही दिलं आहे. गुन्हेगार स्वतः अल्पवयीन असला किंवा सगळा प्रकार फोनवरच घडला, तरी कळवायचं बंधन सुटत नाही. लीडरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं, पाळकीय काळजी म्हणजे गुपित जपणं.

दुसरा प्रौढ असता तर काय झालं असतं? तो आत बसून बोलणं ऐकत राहिला असता असं नाही. बोलणं दिसावं पण ऐकू जाऊ नये, हा या कामातला साधा रिवाज आहे. हॉलच्या कोपऱ्यात दोन खुर्च्या, आणि पंधरा-वीस पावलांवर खुर्च्या रचणारी एखादी ताई, एवढं पुरतं. पण मुलगी गेल्यावर ती ताई विचारते, “काय झालं, पोरगी रडत होती?” लीडरला कुणाजवळ तरी बोलावं लागतं. तो म्हणतो, तिने शब्द घेतलाय. ती म्हणते, “अहो, हे आपल्या दोघांच्या आवाक्यातलं नाही. समितीला आत्ताच फोन करू.” हे मी कल्पनेने लिहीत असले तरी आढाव्यात लीडर स्वतः जवळपास हेच म्हणाला. ते पाच दिवस त्याला नीट झोप लागली नव्हती. पत्नीलाही सांगता येत नव्हतं, कारण शब्द दिला होता. एकट्या माणसावर पडलेलं हे ओझं वाटून घ्यायला शेजारी कुणी असावं म्हणून दुसरा प्रौढ लागतो. संशयित म्हणून एकमेकांवर नजर ठेवणं हा त्या नियमाचा अर्धाच उपयोग.

पाच दिवसांचं मोल काय, हेही सांगते. अठरा वर्षांखालील मुलांचे असे फोटो पसरू नयेत यासाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा २०२३पासून उपलब्ध आहे. अमेरिकेतलं बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीचं राष्ट्रीय केंद्र ती चालवतं. फोटो कुठेही अपलोड करावा लागत नाही, मुलाच्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून फोटो ओळखून हटवू शकतात. शुक्रवारी रात्री ही तक्रार आणि पोलिसांकडची तक्रार दोन्ही करता आल्या असत्या. धमक्यांचे मेसेजही तेव्हा तिच्या फोनमध्ये होते. ‘ब्लॉक कर’ या सल्ल्याने ती घाबरून सगळं पुसून बसली आणि पुरावा गेला. आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक, हा क्रम जाणणारं कुणी तरी त्या आवारात हवं होतं.

चांगल्या माणसाचं वागणं कुणासारखं दिसलं

हा भाग लिहिताना मला जड जातंय, पण तो गाळता येणार नाही. मुलांना जाळ्यात ओढणारे लोक ठरावीक पद्धतीने वागतात. मुलाला एकटं गाठतात, आपल्या दोघांत एक गुपित तयार करतात, आईवडिलांपासून ते लपवायला शिकवतात आणि रात्री खासगीत बोलतात. लीडरने शुद्ध मनाने नेमकं हेच केलं. त्यामुळे आईने घाबरून जो अर्थ लावला तो चुकीचा असला तरी वेडगळ नव्हता.

लीडरच्या बदनामीपेक्षा मला त्या मुलीची काळजी जास्त वाटते. एका प्रेमळ, विश्वासू माणसाने तिला नकळत शिकवलं की मोठ्या माणसाशी गुप्त मैत्री ठेवणं ठीक असतं. उद्या खरोखर वाईट हेतूचा कुणी भेटला तर तिला त्यात काही वावगं वाटणार नाही. चांगली माणसं नियम पाळतात तेव्हाच नियम मोडणारा मुलांच्या नजरेत वेगळा दिसतो.

वडीलजनांपैकी एकाने बैठकीत विचारलं, “आपल्याच माणसांवर विश्वास ठेवायचा नाही का?” प्रश्न कळकळीचा होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं होतं. २००२मध्ये बोस्टनमधली कॅथलिक धर्मगुरूंनी केलेल्या बाललैंगिक शोषणाची प्रकरणं उघड झाली, संस्थांमधल्या अशाच शोषणाची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने २०१७मध्ये आपला अंतिम अहवाल दिला, इंग्लंड आणि वेल्सच्या याच विषयावरच्या स्वतंत्र चौकशीचा अंतिम अहवाल २०२२मध्ये आला. पंथ वेगळे, देश वेगळे. पण मान असलेल्या माणसाला कुणी प्रश्न विचारला नाही आणि संस्थेचं नाव जपण्यात मुलं मागे पडली, ही नोंद पुन्हा पुन्हा सापडते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२पासून धार्मिक नेत्यांनाही शिक्षकांप्रमाणे ‘विश्वासाच्या स्थानावरील व्यक्ती’ धरलं जातं, आणि त्यांच्या देखरेखीतल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांशी लैंगिक संबंध हा गुन्हा ठरतो. मी त्या वडीलजनांना म्हटलं, विश्वास ठेवाच. पण माणूस बघून नियम लावायचा ठरवलं, तर ज्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास आहे त्याच्यावर नियम कधीच लागणार नाही.

समितीने काय ठरवलं

आढावा होईपर्यंत लीडरला तरुण संघाच्या कामातून बाजूला ठेवलं. ती शिक्षा नव्हती, आणि तसं मंडळीला रविवारी स्पष्ट सांगितलं, नाहीतर कुजबुजीने त्याचं घर उद्ध्वस्त झालं असतं. प्रशिक्षण पूर्ण करून तो परत आला. आईला त्याने पाळकसाहेबांसमोर भेटून सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं. माफ केलं का, हे मी विचारलं नाही.

नियम नव्याने लिहिले गेले. नातं नसलेले, एकवीस वर्षांवरचे दोन प्रौढ पहिलं मूल येण्याआधी हजर असतील आणि शेवटचं मूल जाईपर्यंत थांबतील. मुली असतील तर त्यातली एक स्त्री. एकोणीस वर्षांचा सहायक सहायकच राहील, मोजणीत धरला जाणार नाही. लीडर कुठल्याही मुलाला एकट्याने आपल्या गाडीतून सोडणार नाही. वैयक्तिक मेसेज बंद. निरोप द्यायचा तर ज्या गटात दुसरा लीडर आणि पालक आहेत तिथेच. मुलाने स्वतःहून खासगी मेसेज केला तर उत्तर न देता सोडायचं नाही, पण दुसऱ्या लीडरला त्यात सामील करून उत्तर द्यायचं, आणि ते मुलालाही सांगायचं. वाद्यांच्या खोलीच्या दाराला काच बसवली.

दोन ठिकाणी माझं समितीशी पटलं नाही. पहिल्या घाईत त्यांनी एकास एक बोलणं पूर्ण बंद करायचं ठरवलं होतं. मी कडाडून विरोध केला. तसं केलं असतं तर पुढची मुलगी कुणाशीच बोलली नसती. शेवटी ‘दिसेल अशा जागी, दुसऱ्या प्रौढाला सांगून’ असं ठरलं. दुसरं, कॅमेरे लावू म्हणजे माणसं कमी लागतील असा प्रस्ताव होता. कॅमेरा घडून गेल्यावर दाखवतो. रडणाऱ्या मुलीबद्दल तो कुणाला काही विचारत नाही.

नव्या नियमांची खरी परीक्षा महिन्याभरात झाली. एका शुक्रवारी दुसरी प्रौढ व्यक्ती आजारी पडली आणि बदली मिळेना. नियमानुसार दोन पर्याय होते: कुणा पालकाने थांबायचं किंवा सभा रद्द करायची. पालकांना साडेचारला निरोप गेले, कुणी मोकळं नव्हतं, सभा रद्द झाली. काही मुलं तरीही फाटकाशी आली, नाराज होऊन गेली. दोन पालकांनी पाळकसाहेबांना फोन करून राग काढला. पाळकसाहेब वाद न घालता एवढंच म्हणाले, “दोघं नव्हते, म्हणून सभा नव्हती.” त्यानंतरच्या आठवड्यात बदली म्हणून नाव द्यायला चार पालक पुढे आले. तोवर यादीत बदलीचा रकानाच नव्हता.

अजून एक प्रश्न लोंबकळत आहे. गटातले तिघं या वर्षात अठरा पूर्ण करतील. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी ते तेरा वर्षांच्या मुलांसोबत शिबिरात झोपायला असलेले प्रौढ ठरतात. त्यांना लगेच गटाबाहेर काढणं क्रूर वाटतं, आणि काहीच न बदलणं धोक्याचं आहे. मी सुचवलं आहे की सभेला त्यांनी वर्ष संपेपर्यंत यावं, मुक्कामाला वेगळ्या खोलीत राहावं, आणि धाकट्यांची जबाबदारी त्यांच्यावर कधीच टाकू नये. वडीलजनांच्या पुढच्या बैठकीत यावर निर्णय होईल.